हात दाखवणारा भीमराज

घाटकोपरच्या डोंगरावर राहणाऱ्या भीमराजला रस्त्याचे सगळे नियम तोंडपाठ होते. फक्त ते इतरांसाठी होते. सकाळी तो सायकलवरून उतार उतरायचा. ब्रेक कधीचे मेलेले, म्हणून चप्पल रस्त्याला घासत जायचं आणि कुणी आडवं आलं की विचारायचं, "मरायचंय काय रे?" खाली तो एका शेठचा ड्रायव्हर; गाडी हातात आली की पायी चालणारी समस्त जनता त्याला आंधळी वाटू लागे. संध्याकाळी सायकल ढकलत चढ चढताना मात्र सगळे गाडीवाले माजलेले असत.

रस्ता ओलांडायची त्याची एकच रीत. हात उभा करायचा आणि चालू लागायचं. मुंबईत सगळेच तसं करतात, पण भीमराजची खात्री होती की गाड्या थांबतात त्या त्याच्या हाताला बघून. शेजारचे नाना म्हणायचे, "एक दिवस हात दाखवून अवलक्षण करशील." हा हसायचा.

उताराच्या पायथ्याशी रस्ता ओलांडायला त्याची बायको शकु फार घाबरायची. गुडघा दुखरा, भाजीबाजार पलीकडे, आणि वरून रिक्षा इंजिन बंद करून गडगडत यायच्या. सोबत मिळेपर्यंत ती कडेला उभी राही. वस्तीने तिथे स्पीडब्रेकर मागितला, तेव्हा आडवा आला तोही हाच. सायकलचा वेग मोडतो म्हणे!

"अगं, नुसता हात दाखव ना! हात दिसला की गाडी थांबतेच."

"आणि नाय थांबली तर?"

"माझ्यासाठी कधी नाय थांबली?"

एके दिवशी शेठला विमानतळ गाठायचा होता. मोठा रस्ता तुंबलेला, म्हणून भीमराजने गाडी आपल्या डोंगरावरून काढली. पायथ्याशी एक बाई हात उभा करून, खाली मान घालून सरळ चालत आली. भीमराजने सवयीने आधी हॉर्न दाबला.

"हात काय दाखवते, आंधळी कुठली!"

मग पिशवी ओळखीची वाटली. ब्रेक लागला, पण शकु बॉनेटला धडकून खाली बसली आणि टोमॅटो उतारावरून पळत सुटले. मागून शेठ म्हणाला, "या लोकांना अक्कलच नाही. चल, उशीर होतोय." हे वाक्य भीमराजच रोज म्हणत असे.

तो धावत उतरला. शकुचा गुडघा फुटला होता. ती घाबऱ्या आवाजात त्यालाच विचारत होती, "अहो, मी हात बरोबर दाखवला होता ना?"

त्याने रुमाल काढून तिचा गुडघा बांधला. शरमेने मान वर होईना.

आता बाजाराला तोच तिला घेऊन जातो. रस्ता पुरता मोकळा होईपर्यंत तिचा दंड धरून कडेला उभा राहतो. शकु कंटाळून म्हणते, "दाखवा की तुमचा हात!"

तो दाखवत नाही. येणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर कोण बसलेला असतो, ते त्याला आता पक्कं ठाऊक आहे.