शपथेचा फोटो

आमच्या कॉलनीतल्या बागेत खताचा खड्डा कुठे होणार, हे मला बैठकीत कळले नाही. बैठकीला मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर होते. कळले ते दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्तमानपत्रातून.

कॉलनी राजेंद्र नगरच्या पुढे आहे. मध्ये लांबट बाग आणि भोवती घरे. बागेच्या एका टोकाला पंपघर आहे. त्याच्या मागच्या ओळीत रहवासी समितीच्या अध्यक्षांचे घर आणि दोन दारे सोडून माझे. दुसऱ्या टोकाला बागेची भिंत संपते तिथे काकूंचे मागचे अंगण सुरू होते. काकूंचे यजमान रेल्वेत होते. ते गेल्यापासून त्या वाळवणावर घर चालवतात. पापड, कुरडया, सांडगे, बटाट्याचा कीस. इंदूरच्या मराठी घरांतून मागणी असते, पलासियातल्या ऑफिसांतूनही बायका येऊन घेऊन जातात. होळीनंतरचे कडक ऊन आणि बागेकडून येणारी मोकळी हवा, एवढेच त्यांचे भांडवल. खाटांवर पांढरी कापडे अंथरली की पाऊस येईपर्यंत ती उचलली जात नाहीत.

बैठक रविवारी सकाळी बागेतच झाली. मंडप होता, पोहे-जिलबी होती. पार्षद, म्हणजे वॉर्डाचे नगरसेवक, उशिरा आले आणि लवकर गेले. महापालिकेच्या झोन कार्यालयाचे अधिकारी ओला कचरा, सुका कचरा आणि येणारे स्वच्छता सर्वेक्षण यांवर बोलले. खड्ड्याबद्दल त्यांच्या भाषणात एकच वाक्य होते: "बगीचे का कचरा अब बगीचे में ही खपेगा।" जागा त्यांनी सांगितली नाही आणि कुणी विचारली नाही. पंपघराजवळ खड्डा होणार, असे कॉलनीत बरेच दिवस बोलले जात होते. तेच पक्के झाले, असे माझ्या ओळीतले लोक धरून चालले आणि कपाळाला आठ्या घालून पोहे खात राहिले.

शेवटी शपथ झाली. आमच्या शहरात सार्वजनिक कार्यक्रम स्वच्छतेच्या शपथेशिवाय संपत नाही. मी ती शाळेच्या वार्षिकोत्सवात घेतली आहे, एका निवृत्ती समारंभात घेतली आहे. माइकवरून एक वाक्य येते, उजवा हात समोर जातो, लोक वाक्य मागे म्हणतात. शब्द पाठ झालेले असतात. बोलताना माणसे पोह्यांच्या बश्या कुठे ठेवायच्या ते बघत असतात. त्या दिवशीही तसेच झाले. काकू पहिल्या रांगेत होत्या, कारण पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना हात होते आणि त्यांचे गुडघे दुखतात.

सोमवारच्या अंकात नगर पानावर तीन स्तंभी फोटो होता. वर मथळा: रहवासियों ने हाथ उठाकर दी सहमति. खाली मजकूर होता की बागेच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीलगत खताचा खड्डा बांधण्याच्या प्रस्तावाला नागरिकांनी एकमताने पाठिंबा दिला. फोटोत पुढे पसरलेल्या हातांची रांग होती. सर्वांत पुढचा, सर्वांत स्पष्ट हात काकूंचा होता.

काकू अंक घेऊनच आल्या. दारात उभ्या राहिल्या, आत या म्हटले तरी आल्या नाहीत.

"ताई, हा तुमचाच पेपर ना?"

"होता. आता मी तिथे नाही."

"नाही म्हणजे काय, माणसं तर तीच असतील. बातमी कोणी दिली?"

"मी दिली नाही."

"मी कुठं म्हटलं तुम्ही दिली?" त्यांनी माझ्या मागे, पंपघराच्या दिशेने पाहिले. "पंपघराजवळ होणार होता. तिथून उठून माझ्याकडे कसा आला, तेवढंच विचारून राहिले."

मग त्यांनी फोटोवर बोट ठेवले. "हा माझा हात. मी तर शपथ घेत होती. कचरा नाही करणार म्हणून हात केला, आणि यांनी कचरा माझ्याच भिंतीला आणला! बेसनाच्या पापडावर माश्या बसल्या की कोण घेतं? मीच नाही घेणार."

मी नगर पानावर बरीच वर्षे काम केले. तिथे एक सवय लागते: फोटो आला की आधी खालची ओळ वाचायची नाही, आधी फोटो पाहायचा. या फोटोत दोन गोष्टी होत्या. हात वर नव्हते, समोर होते. आणि सगळ्यांची तोंडे उघडी होती, एकाच अक्षरावर उघडी. मत देताना माणूस हात वर करतो आणि गप्प राहतो. काकूंना मी हे दाखवले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"म्हणजे मुद्दाम केलंय."

"फोटो शपथेचा आहे, एवढंच मी सांगू शकते."

"तुम्ही फार तोलून बोलता, ताई," काकू म्हणाल्या. हे कौतुक नव्हते.

बातमी कुठून आली, ते मी शोधले. नगर पानावरच्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितले की फोटो आणि मजकूर मोबाइलवर एकत्रच आले, रविवारी दुपारी, आणि जागा होती म्हणून तसेच लावले. कुणाकडून आले, हे त्याने सांगितले नाही; तो आमचाच नियम होता. मग मी अध्यक्षांकडे गेले. ते निवृत्त बँक अधिकारी आहेत, सगळे त्यांना साहेब म्हणतात. ते म्हणाले, मजकूर झोनवरून तयार होऊन आला, त्यांनी फक्त पुढे पाठवला. कुणाला पाठवला, हे त्यांना आठवत नव्हते. मजकुरात बैठक सामुदायिक भवनात झाली असे लिहिले होते. भवन त्या दिवशी लग्नासाठी दिलेले होते, म्हणून आम्ही मंडपात बसलो होतो. मंडप आयत्या वेळी ठरला. मजकूर त्याआधीचा होता. साहेबांना हे दाखवले तेव्हा ते म्हणाले, "अहो, प्रेस नोट आधीच तयार ठेवतात. तुम्ही तर लाइनीतल्या आहात, तुम्हाला काय सांगायचं?"

ते खरे होते. आधी लिहिलेल्या प्रेस नोट मीही छापल्या आहेत. पण आधी लिहिलेल्या नोटमध्ये खड्ड्याची जागा कशी आली, या प्रश्नावर साहेबांनी चहा मागवला.

झोन कार्यालयात काकूंबरोबर मीही गेले. अधिकारी तेच होते. काकूंनी घडी घातलेला अंक त्यांच्यापुढे ठेवला आणि हिंदीत सगळे सांगितले: अंगण, ऊन, माश्या. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकले.

"माताजी, वैज्ञानिक पद्धति है। बदबू आती ही नहीं।"

"तो आप अपने घर के पास बनवा लो।"

ते हसले. मी फोटोतली तोंडे दाखवली.

"मैडम, लोग समर्थन में नारे भी तो लगाते हैं।"

"हाथ सामने हैं। ऊपर नहीं।"

"हाथ तो हाथ है।" मग त्यांनी आवाज जरा उतरवला. जागेचा प्रस्ताव कॉलनीतूनच आला, आम्हाला काय, आम्ही कुठेही बांधू. समितीने पुन्हा बैठक बोलावली तर येऊ. प्रस्ताव कुणाचा, असे काकूंनी विचारले. "रहवासियों का," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर काकूंनी रिक्षा थांबवली. वाटेत त्या एकच वाक्य बोलल्या. "त्या टोकाला तुमची चार घरं आहेत."

मी हो म्हटले. ती वस्तुस्थिती होती.

त्या आठवड्यात काकू फोटो घेऊन घरोघर फिरल्या. फोटोत ज्याचा हात दिसत होता त्याच्या दारात जाऊन त्या विचारत, हात कशासाठी केला होता? मी दोन-तीन घरी त्यांच्यासोबत गेले. पहिल्या दारी त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत प्रश्न आला, "सही तर नाही ना करायची?" सही नाही म्हटल्यावर सगळे मोकळे झाले. शपथच घेत होतो की! एकाचा पोरगा म्हणाला, पप्पा पेपरात आले. मग हे बैठकीत सांगाल का, असे विचारले की दार हळूहळू लोटले जाई. एक गृहस्थ म्हणाले की सर्वेक्षण तोंडावर आहे, कंपोस्टच्या विरोधात बोललो तर शहराचे नाव खराब होईल. एक बाई म्हणाली, "काकू, तुमच्याकडे नाही झालं तर आमच्याकडे येईल. आमच्याकडे लहान बाळ आहे, समजा ना."

ही बाई बागेच्या मधल्या बाजूला राहते. तिथे खड्डा होण्याची कधी चर्चाही नव्हती. पण तिचे म्हणणे ऐकल्यावर मला बातमीचा प्रवास वेगळा दिसू लागला. तोवर मी एक माणूस शोधत होते: ज्याने जागा बदलली, मजकूर लिहिला, शपथेच्या क्षणी फोटो काढायला सांगितले. कदाचित असा माणूस होता. पण सोमवारी सकाळी अंक उघडून प्रत्येकाने खड्डा कुठे आहे ते पाहिले होते, तो आपल्या भिंतीशी नाही हे पाहिले होते आणि अंक मिटला होता. कुणीही फोन केला नाही की अहो, ही तर शपथ होती.

साहेबांनी दुसरी बैठक बोलावली. आधी मुलांच्या परीक्षा होत्या, मग त्यांच्या घरी पाहुणे होते, पण बोलावली. या वेळी सामुदायिक भवन रिकामे होते. पोहे नव्हते, त्यामुळे माणसे कमी आली. काकू पुन्हा पहिल्या रांगेत बसल्या. मी शेवटच्या रांगेत बसले. वार्तांकन करताना तिथेच बसायची सवय आहे.

काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी आपण शपथ घेतली. मतदान झालं नव्हतं. ते आज करा. आणि शपथ आधी उरकून घ्या, म्हणजे पुन्हा घोटाळा नको."

लोक हसले. अधिकारीही हसले. साहेब म्हणाले, "काकू, तुम्ही तर पार्षदच्या इलेक्शनला उभ्या राहा."

"आधी खड्ड्यातून निघू द्या, साहेब."

मग अधिकाऱ्यांनी विचारले: ठरलेल्या जागी खड्डा ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत. काही क्षण एकही हात वर गेला नाही. नंतर भिंतीजवळून एक गेला, मग मधल्या रांगांतून हात वर येऊ लागले, काही फक्त खांद्यापर्यंत, काही समोरच्या माणसाच्या डोक्याआड. साहेबांचा हात वर नव्हता. ते वहीत काही लिहीत होते. विरोधात हात मागितले तेव्हा काकूंचा गेला, माझा गेला, आणखी थोडे गेले. प्रस्ताव मंजूर झाला. फोटो कुणी काढला नाही.

पूर्ण वेळ काकूंनी मागे वळून पाहिले नाही. मान्य म्हणणारे कोण आणि नको म्हणणारे कोण, हे त्यांनी पाहिलेच नाही. त्या समोर, अधिकाऱ्यांच्या टेबलाकडे बघत राहिल्या आणि निकाल सांगितल्यावर पिशवी उचलून बाहेर पडल्या.

होळीनंतर खड्डा बांधून झाला. अधिकारी म्हणाले होते तेवढा निर्धोक तो नाही आणि काकू म्हणाल्या होत्या तेवढा वाईटही नाही, पण माश्या आहेत आणि दुपारी वारा तिकडून आला की कळते. काकूंनी अंगणात एकही खाट टाकली नाही. इंदूरबाहेर गौतमपुऱ्याला त्यांची नणंद असते, शेतावर घर आहे. पिठाचे डबे आणि पोळपाट घेऊन काकू बसने तिकडे गेल्या आणि ऊन संपेपर्यंत तिकडेच राहिल्या, मधून फक्त माल पोचवायला इंदूरला येत. वाळलेला माल तुटू नये म्हणून मांडीवर धरून आणावा लागतो, त्यामुळे फेऱ्या वाढल्या आणि माल निम्म्याहून कमी झाला. पलासियाच्या काही बायकांनी दुसरीकडून घेतले.

जूनमध्ये त्या परत आल्या तेव्हा कॉलनीतले लोक नेहमीप्रमाणे कुरडयांसाठी जाऊ लागले. काकूंनी कुणाला नाही म्हटले नाही. ओट्यावर बसून त्या वजन करत आणि समोरचा माणूस, पिशवी हातात येईपर्यंत, बैठकीबद्दल बोलत असे. मी तर नकोच म्हटलं होतं, काकू. आमच्या ह्यांचा हात विरोधातच होता. मी गेले तेव्हा माझ्या पुढे मधल्या बाजूची ती बाई होती. तीही तेच म्हणाली. काकू म्हणाल्या, "हो का?" आणि काट्यावरची एक कुरडई काढून दुसरी ठेवली.

मी शेवटच्या रांगेतून सगळे हात पाहिले होते. बाई निघून गेल्यावरही मी काही बोलले नाही. आतापर्यंत काकूंना जेवढ्यांनी आपण विरोधात होतो असे सांगितले होते, तेवढे खरोखर असते तर खड्डा झालाच नसता. त्या यादीत आणखी एक वाक्य घालून काही सिद्ध होणार नव्हते.

काकूंनी माझ्या कुरडया पिशवीत भरल्या. गाठ मारली. पिशवी पुढे केली नाही, हातातच धरून थांबल्या.

"तुम्ही नाही काही सांगत?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले, जसे त्या दिवशी चष्मा पुसून फोटोकडे पाहिले होते तसे नाही, जरा जास्त वेळ.

"मग एक हात तर तुमचा होताच," काकू म्हणाल्या, "खड्ड्यासाठी." आणि पिशवी माझ्या हातात दिली.