वरुणरावाची बॅटरीची सायकल

वरुणराव माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा महिन्यांनी धाकटा. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतून आम्ही दोघे सायकलीवर शाळेला जायचो आणि पुढे नेहमी मी असायचो. हे तो विसरला, मी नाही.

गणित शिकवून निवृत्त झाला तशी त्याच्या मुलीनं, अखिलानं, त्याला बॅटरीची सायकल घेऊन दिली. अडुसष्टाव्या वर्षी हा गडी पंचवीस किलोमीटरवरच्या पापनाशमला जाऊन येतो, ना घाम ना धाप! सगळी गल्ली तोंड भरून कौतुक करते, माझी बायको भामासुद्धा. माझे गुडघे चार पायऱ्यांना रडतात, त्यांची चौकशी कोणी करत नाही. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा.

त्याची एकच हौस राहिली होती : राष्ट्रीय उद्यानातल्या तळ्याकाठच्या रस्त्यावर सायकल चालवायची. मी तालुका कचेरीतला जुना कारकून, म्हणून परवानगीचा अर्ज लिहायला माझ्याकडे आला आणि त्यासोबत नियमांचा कागदही. पायडल मारताना बॅटरीची मदत घेतली तर चालेल. नुसती मूठ पिळून पळणारी सायकल आत नेता येणार नाही. वरुणरावाच्या सायकलीला तशी मूठ होती. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

टेंपोत त्याची सायकल चढवली, शेजारी माझी जुनी साधी. भामाही आमच्याबरोबर निघाली. फाटकावर रखवालदारानं त्याला अडवलं. तो सायकल धरून दूर झाडाखाली उभा राहिला, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

परक्यांसमोर मराठीत बोललं की कुणाला कळत नाही, ही आम्हां तंजावूरकरांची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री. मी रखवालदारादेखत भामाला म्हणालो, "मला ठाऊक होतं हें. मुद्दाम नाहीं सांगितलं. एकदां तरी थांबूं दे त्याला!"

भामा माझ्याकडे बघतच राहिली. रखवालदार हळूच म्हणाला, "अण्णा, आम्ही ओरत्तनाडूचे. घरीं हेंच बोलतों."

मी खिशातला कागद आणखी आत ढकलला. पण वरुणरावाला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. मुठीची वायर काढली, चाक फिरवून पाहिलं आणि त्याला म्हणाला, "आतां नियमांत बसते, मामा. पायडल मारत जावा."

वरुणराव निघाला. वळणावर त्यानं मला हात केला. तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.

"तुमच्या सायकलीला तर कांहींच अडचण नाहीं, अण्णा," रखवालदार म्हणाला. "जावा की."

मी पायडलवर पाय ठेवला. गुडघा वाकेना. त्यानं आपली खुर्ची आणून दिली, मी बसलो. भामा त्या वळणाकडेच बघत होती.