आबा आणि लोकांची अर्धवट विमानं

तुमच्या माळ्यावर एखादं अर्धवट टाकलेलं विमान पडून आहे हे आबांना कळलं, की तुमचं काही खरं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची सायकल तुमच्या दारात. चहा नाही, पाणी नाही, ‘कसं काय’ नाही. थेट, “खोकं कुठाय?” आणि तुम्ही जर ‘राहू द्या हो आबा, पोरांचा खेळ तो’ असं काही बोलून गेलात, तर संपलंच. “खेळ? मग खेळला का न्हाई? सुरू कशाला केलंसा?” हा प्रश्न त्यांनी कराडातल्या डॉक्टरांना विचारला, वकिलांना विचारला, आणि आमच्या शाळेच्या चिटणिसांना तर भर पानसुपारीत विचारला.

एकाहत्तरची लढाई होऊन वर्ष उलटलं असेल. मी सांगलीहून कराडला मुलींच्या शाळेत शिकवायला आले आणि आबांच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आबा मूळचे तासगावकडचे. हवाई दलात विमानांचे फिटर म्हणून नोकरी करून पेन्शनीत निघालेले. बायको लवकर गेलेली, मुलगी फलटणला दिलेली. त्यांच्या पुढच्या खोलीत छताला दोऱ्या बांधून विमानं टांगलेली असायची, त्यामुळे तिथे पंखा लावायची सोय नव्हती. उन्हाळ्यात माणसं घामानं निथळायची आणि विमानं वर निवांत.

त्या काळी सुखवस्तू घरांत अशा विमानांची खोकी यायची. कुणाचा मामा मुंबईहून आणायचा, कुणाचा काका परदेशातून. आत हलक्या लाकडाच्या पट्ट्या, पंखांच्या बरगड्या, वरून चिकटवायला पातळ कागद, चिकटवण्याची नळी आणि एक भला मोठा नकाशा. मुलगा दोन दिवस जेवणखाण विसरून त्यात बसायचा, तिसऱ्या दिवशी कंटाळायचा, आणि खोकं माळ्यावर जायचं, दिवाळीच्या पणत्यांशेजारी. आबांना याचा जो संताप यायचा तो बघण्यासारखा होता. त्यांची एकच शिवी होती, हवाई दलातून आणलेली: ‘अनसर्विसेबल माणूस!’ कामाला न येणारा, मोडीत काढावा असा. ताटात भात टाकणारा अनसर्विसेबल, देवळाची पायरी निम्मी झाडून उठणारा पुजारी अनसर्विसेबल. मी एक स्वेटर विणायला घेऊन ठेवून दिला होता, तर त्यांनी येता-जाता मला इतकं बोलून घेतलं की शेवटी भर वैशाखात तो मी रागारागानं पुरा केला. घालायचा कुणी? तो प्रश्न त्यांना पडला नाही.

आता असा माणूस हातात काम घेतो म्हटल्यावर ते सुबक करून देईल असं तुम्हांला वाटेल. मुळीच नाही. आबांचा एक नियम होता आणि त्यापायी मी त्यांच्याशी कितीदा वाद घातला असेन! आधीच्यानं जे लावलंय ते उसवायचं नाही. सरळ असो, वाकडं असो, तिथून पुढे जायचं. डॉक्टरांच्या चिरंजीवानं एका विमानाचं शेपूट उलटं चिकटवलं होतं. आबांनी ते विमान तसंच पुरं केलं, वर निळाशार रंग दिला आणि नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टर म्हणाले, “आबा, शेपूट उलटं आहे हो.” “तुमच्या चिरंजीवानं लावलंय. त्याला इचारा.” “पण तुम्हांला दिसलं ना?” “दिसलं की. पर त्यानं तेवढंच केलंय. त्ये बी म्या काढलं तर मग ह्येच्यात त्याचं काय ऱ्हायलं?” मला तेव्हा हा निव्वळ हेकटपणा वाटायचा. मी तोंडावर बोललेही तसं. “वाटू द्या,” म्हणाले, आणि पातळ कागद तोंडानं फुंकर मारत पंखावर पसरत राहिले.

आमच्याकडे दूध घालायला मलकापूरहून हौसाक्का यायच्या. घरचा ऊस होता, दोन म्हशी होत्या, दुधाचा व्यवहार त्यांनी स्वतःकडे ठेवलेला. बोलणं कमी. एकदा किटली खाली ठेवून वर बघत उभ्या राहिल्या. “आबा, आमच्या इलासनं बी असलंच कायतरी आणलंय. तुळईवर ठेवलंय बगा.” झालं. आबांच्या तोंडून सवयीनं गेलंच, “मग पुरं का केलं न्हाई? सुरू कशाला केलं त्यानं?”

“रजा संपली, आबा,” हौसाक्का म्हणाल्या.

विलास त्यांचा मुलगा, फौजेत शिपाई. कुठल्याशा अधिकाऱ्याच्या बंगल्यावरून फेकून दिलेलं खोकं त्यानं मागून घेतलं आणि रजेवर येताना घरी आणलं. रजेत डावा पंख तेवढा लावून झाला. मग तो गेला आणि लढाईतून परत आला नाही. आबांना हे सगळं माहीत होतं, अख्ख्या मलकापुराला माहीत होतं. पण जीभ एकदा सुटली की सुटली. ते उठून उभे राहिले, उगाच टोपी सारखी केली आणि म्हणाले, “रजा संपल्यावर जायाच पायजे.” मग स्वतः सायकलीवरून जाऊन खोकं घेऊन आले.

तो डावा पंख चांगलाच वाकडा होता. खाली कलला होता. नळीतला गोंद वाळून गेलेला असणार, म्हणून विलासनं बांधावरच्या बाभळीचा डिंक वापरलेला, आणि तो सांध्यातून बाहेर येऊन तपकिरी ओघळ सुकलेले. आबांनी त्याला बोट लावलं नाही. बाकीचं सगळं विमान मात्र असं बारकाईनं केलं की मी त्यांचं तसं काम आधी पाहिलं नव्हतं. पुरं झाल्यावर हौसाक्कांनी ते हातात घेतलं, पंखाकडे बघितलं आणि हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. “हाच बगा त्येचा हात. भाकरी थापाया बसला तरी अशीच करायचा, एका अंगाला जाड.” विमान त्यांच्या सोप्यात टांगलं गेलं. येईल त्याला त्या वाकडा पंख दाखवायच्या. त्या घरात विलासच्या हातची दुसरी वस्तू नव्हती. फौजेतून आलेली ट्रंक होती, पण तिच्यात सगळं सरकारचं.

आणि मग आला गणपती.

तुम्हांला ठाऊकच आहे, आपल्याकडे मंडळाची पोरं आरासेसाठी दारात आली की नाही म्हणायची रीत नाही. कुणाच्या समया जातात, कुणाच्या पैठण्या पडद्याला जातात, आणि देवाचं काम म्हणून बायका मुकाट काढून देतात. त्या वर्षी मंडळाचा देखावा लढाईचा होता. पुठ्ठ्याचे डोंगर, मातीचे रणगाडे आणि वरून विमान. अध्यक्ष स्वतः हौसाक्कांकडे गेले. कडक इस्त्रीचा, सगळ्या कामांत पुढे असणारा माणूस. “आक्का, तुमच्या पोराचं इमान देवाफुडं. आनि शेवटच्या दिवशी तुमचा सत्कार.” बाईंनी काय म्हणायचं? दिलं काढून. आबांना कळलं तेव्हा ते चरफडले. “इमान काय समई हाय व्हय, द्यायला?” पण देऊन झालं होतं.

सत्काराला मी गेले होते. दिवे, लाऊडस्पीकर, ‘वीरमाता’ असा बॅनर. हौसाक्का नवं लुगडं नेसून खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. अध्यक्षांनी शाल घातली, नारळ दिला आणि मग झोकात पडदा सरकवला. वर दोरीला विमान. चकचकीत चंदेरी ऑइलपेंट, पंखांवर ठसठशीत तिरंगी गोल, आणि दोन्ही पंख फूटपट्टीनं आखावेत तसे सरळ. हौसाक्का उठल्या, विमानाखाली जाऊन उभ्या राहिल्या, आणि माईक जवळ होता म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं: “ह्ये कुनाचं?”

लोकांना वाटलं, बाई भारावल्या. टाळ्या पडल्या! अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकाला जाते. शेकडो माणसं होती, आणि टाळ्या वाजवत होती.

मी तिथेच अध्यक्षांना गाठलं. ते खरोखर चकित झाले. “अहो बाई, वाकडं विमान देवापुढं कसं ठेवायचं? सुताराकडून सरळ करून घेतलं. रंग मंडळाचा. सगळं फुकट केलं आम्ही!” माणसात वाईटपणा असता तर मला बरं वाटलं असतं. तसा नव्हता. होता तो नुसता आगाऊपणा, आणि त्याला काय उत्तर द्यायचं? उत्तर आबांनी दिलं, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, भर चौकात. “अनसर्विसेबल! जित्याला सुधरायचं सोडून मेलेल्या पोराचं काम सुधरतुयास? तुला कुनी सांगितलं हुतं?” अध्यक्ष म्हणाले, “आबा, सरळ केलं ह्यो काय गुन्हा झाला व्हय?” आबांचा हात उठला होता. चार माणसांनी धरला. धरायला नको होता असं मला आजही वाटतं. पुढे ते गृहस्थ चांगले वर चढले, बऱ्याच ठिकाणी त्यांचे सत्कार झाले. भेटले की नमस्कार करतात. मी करत नाही.

आबा नंतर थकले, मुलीकडे फलटणला गेले आणि तिथेच वारले. जाण्याआधी छताला उरलेलं प्रत्येक विमान ज्याचं त्याच्या घरी स्वतः पोचतं करून आले, वाकड्या-उलट्या भागांसकट. त्यांची आठवण निघाली की लोक त्यांच्या तोंडाळपणाच्या गोष्टी सांगतात आणि हसतात. हसोत. मला मात्र त्या चौकातल्या भांडणानंतरची दुपार आठवते.

हौसाक्का आल्या. सत्काराच्या शालीत विमान गुंडाळून आणलं होतं. आबांनी ते उलटंपालटं केलं. सुतारानं पंख मुळापासून कापला होता, डिंक खरवडून साफ केला होता आणि वरून दोन बारीक खिळे मारले होते. “आबा, हुतं तसं करून द्या,” हौसाक्का म्हणाल्या.

“न्हाई जमायचं.”

“तुमाला जमत न्हाई?”

“हाताला जमतंय, आक्का. डोळं झाकून वाकडा लावीन. पर त्यो वाकडेपना माझा व्हईल. तुमी येनाऱ्या-जानाऱ्याला दाखवनार, ह्यो इलासचा हात. मी लबाडी करून देनार न्हाई.”

मला राहवलं नाही. म्हटलं, “अहो आबा, घाला तुमचा नियम चुलीत! ती बाई काय मागतेय? एक पंख जरा खाली करून मागतेय. कुणाचं काय जाणार आहे त्यात?” तर माझ्यावरच ओरडले, “बाई, तुमी गप बसा!” मी रागानं आत निघून गेले आणि दारातून बघत राहिले. हौसाक्का उठल्या नाहीत. विमान पुढ्यात घेऊन नुसत्या बसून राहिल्या.

शेवटी आबांनी पक्कड घेतली. दुसऱ्याचं काम त्यांनी उसवलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. दोन्ही खिळे उपसले, पंख सोडवला, चंदेरी रंग पॉलिश पेपरनं घासून काढला. मग तो पंख आणि चिकटवायची नळी हौसाक्कांसमोर ठेवली.

“तुमी लावा.”

“आवं, मला कुठं येतंय?”

“त्येला तरी कुठं येत हुतं?”

हौसाक्कांनी पदराला हात पुसले. नळी दाबली, गोंद जास्तच आला, बोटांना लागला. पंख जागेवर टेकवला. डोळे बारीक करून इकडून बघितलं, तिकडून बघितलं. “इतका न्हवता,” असं स्वतःशीच म्हणाल्या आणि तळहातानं केसभर वर उचलला. मग थांबल्या.

“आता वाळंस्तवर धरून ऱ्हावा,” आबा म्हणाले.

मी चहा करून आणला. तो तसाच निवला. आबा समोर बसून होते. म्हशींची वेळ झाली, दुधाची वेळ झाली. ऊन उंबऱ्यावरून खाली गेलं.

“वाळलं असंल आता, आक्का. सोडा,” आबा म्हणाले.

“असू द्या वाईच,” हौसाक्का म्हणाल्या, आणि त्यांनी हात काढला नाही.