डाव्या चाकातलं पान

वडील संस्थानच्या मोटारखान्यावर अधिकारी होते. रोज सकाळी ड्रायव्हरांना रांगेत उभं करून ते प्रत्येक गाडीच्या चाकावरून बोट फिरवत आणि काळ्या रंगावर ओरखडा सापडला की त्या ड्रायव्हरची खैर नसे. पुढे संस्थानं विलीन होऊन मध्यभारत राज्य झालं, मोटारखाना आवरला गेला आणि त्यांना एका खात्यात फायलींवर बसवलं. सरकारच अर्धं वर्ष दुसऱ्या राजधानीत, ग्वाल्हेरला असे, त्यामुळे कामाचा ताप बेताचाच. लिलावात घेतलेली एक जुनी काळी मोटार तेवढी त्यांच्या हाताखाली उरली होती.

आमच्या तुकोगंजच्या घरी कुणी आलं की वडील त्याला आधी फाटकाशीच थांबवत.

"चक्के देखून घ्या साहेब. चालवणारा कसा आहे ते चक्काच सांगतो."

चाकं खरोखर चकचकीत असत. ती आई आणि मी रंगवतो, एवढंच वडिलांना ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं, की गाडी आत घेताना डावं चाक फाटकाच्या दगडाला घासू लागलं होतं. आधी महिन्यातून एकदा, मग दर आठवड्याला. त्यांचा डावा डोळा अधू झाला होता आणि ते कबूल करायचं म्हणजे गाडी सोडायची. मग त्यांच्याकडे नुसत्या फायली उरल्या असत्या. त्यांना सांगायची आईची हिंमत होईना, माझी तर नव्हतीच. मला गाडी त्यांनीच शिकवली होती, पण शहराबाहेर, राऊच्या मोकळ्या रस्त्यावर. शहर जवळ आलं की स्टिअरिंग काढून घेत.

रविवारी जेवून ते आडवे झाले की आमचा कारखाना सुरू. ओरखडा काचकागदानं घासायचा, घासलेटानं पुसायचा, टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि चाकाच्या फटीत जुन्या पत्त्यांची पानं गोल खोचायची आणि मग बारीक ब्रशनं काळा रंग. आईचा हात माझ्याहून स्थिर होता, रांगोळीचा सराव. आमची कारागिरी इतकी सुधारली की वडिलांना स्वतःचा जास्तच भरवसा वाटू लागला आणि ते गाडी जोरात हाकू लागले.

"एखाद दिवशी कुणाला उडवतील गं," आई ब्रश पुसता पुसता म्हणायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा रंगाचा डबा उघडायची. मला तिचा राग यायचा, स्वतःचा त्याहून जास्त.

दसऱ्याला गाडीची पूजा होती. वडील एकेका चाकाला हळदकुंकू लावत निघाले. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाशी जुन्या सवयीनं त्यांचं बोट कडेवरून फिरलं आणि मध्येच अडलं. फटीत राहून गेलेलं एक पान त्यांनी ओढून काढलं. त्याची एक बाजू काळ्या रंगानं माखली होती.

"हा पत्ता इथे कैसा?"

आईनं मान खाली घातली. मी सगळं सांगून टाकलं.

"कितीदा रंगवलंत?"

"मोजलं नाही, बाबा."

"आणि उजवीकडचे चक्के?"

"तिकडे कधी गरजच पडली नाही."

त्यांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि नुसत्या डाव्या डोळ्यानं फाटकाकडे बराच वेळ बघत राहिले. मग खिशातली किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि पलीकडच्या सीटवर जाऊन बसले.

मी त्यांना खजराण्याच्या गणपतीला घेऊन गेले. मला सारखं रडू येत होतं, रस्ता धूसर दिसत होता; म्हणजे त्या दिवशीही गाडी नीट न दिसणाऱ्याच्याच हाती होती. घरी परतताना, दोन्ही डोळे शाबूत असून, मी डावं चाक त्याच दगडाला खर्रकन घासलं.

वडील उतरले. वाकून त्यांनी चाकावरून बोट फिरवलं. मी मोटारखान्यातल्या ड्रायव्हरसारखी खाली मान घालून उभी राहिले. ते घरात गेले आणि पत्त्यांचा जोड घेऊन बाहेर आले.

"ब्रश कुठे लपवता तुम्ही दोघी?" त्यांनी दाराशी आलेल्या आईला विचारलं.