नातीचा प्रकल्प

पेण ते रोहा या पट्ट्यात 'प्रकल्प' हा शब्द कुणी सहज बोलत नाही. प्रकल्प येतो म्हणजे आधी मोजणीवाले येतात, मग शेतात दगड रोवले जातात, मग शेत जातं. आमचं खालचं शेत असंच कंपनीला गेलं. वरचं उरलं, त्यात भात होतो आणि भातानंतर वाल.

माझी नात मुंबईला विद्यापीठात शिकते. जागतिकीकरण आणि आंतरराष्ट्रीय विकास. मी चौथीपर्यंतच शाळेत गेले. वाचता येतं, पण हे नाव तोंडात बसत नाही. कुणी विचारलं की 'मोठं कायतरी शिकते' म्हणून मी मोकळी व्हायची.

वालाच्या शेंगा भरल्या होत्या तेव्हा तिचा फोन आला. "आजी, माझा प्रकल्प आपल्याच गावात करायचं ठरलंय. सोमवारी मॅडम आणि आम्ही चौघं येतो. घरोघरी सर्व्हे करायचाय, कोणाची किती जमीन वगैरे. तू जरा सांगून ठेव सगळ्यांना."

मी फोन ठेवला. पोरगी शिकून मोजणीवाल्यांच्यात गेली, हेच पहिलं मनात आलं. कसला प्रकल्प, एवढं विचारायला काय जात होतं? नाही विचारलं. उठले आणि शेजारी जावेला जाऊन प्रकल्पाचं सांगितलं.

"तुझीच नात गो?" जाव म्हणाली.

"माझीच. मॅडमला घेऊन येते मोजणीला."

"तरी म्हनत होते, एवढं काय शिकते मुंबईत! कंपनीनंच शिकवली असंल."

यावर तिला गप्प करायला हवं होतं. मी उलट होकारार्थी मान हलवली.

नातीनं सांगितलं होतं सगळ्यांना सांग, तर मी सांगितलं. सोमवारी गावातल्या बायका देवळापाशी रस्त्यात बसल्या. पुढे मी. गाडी थांबली, नात उतरली आणि आम्हाला बघून हसली. "आजी, एवढ्या जणींना कशाला बोलावलंस? मी घरोघरी येणारच होते!"

तिला वाटलं, तिच्या स्वागताला बसलोय.

"पुढं यायचं नाय," जाव ओरडली. "कंपनीला सांग, जमीन मिलनार नाय!"

"कोणती कंपनी, काकी आजी? मी अभ्यासाला आलेय."

"तुझ्या आजीनंच सांगलं, प्रकल्प हाय म्हनून."

नातीनं माझ्याकडे बघितलं. मी पायाकडे. मग तिनं समजावलं, कॉलेजात लिहायच्या अभ्यासालाही प्रकल्पच म्हणतात. जमीन गेल्यावर बायकांचं काय होतं, ते तिला घरोघरी विचारून लिहायचं होतं.

"अगो, मंग अभ्यास म्हन ना सरळ!" बायका हसत उठल्या. पण जमिनीचं नाव निघाल्यावर एकही दार नीट उघडलं नाही. कुणी म्हणे मालक घरात नाय, कुणी म्हणे चुलीवर भात हाय. दुपारी मॅडम हळूच म्हणाल्या, "उद्या गागोद्याच्या बाजूचं एखादं गाव बघू." नातीला तिचंच गाव हवं होतं. ती पडवीत बसली, ताटाला हात लावला नाही.

मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "मी जमीन घ्यायला येईन असं वाटलं तुला?"

"व्हय," मी म्हणाले. खोटं बोलून काय करणार होते? "वाटलं. आता मला विचार काय ते. माझ्यापासून सुरू कर. बाकीच्या बघतील."

तिनं पेन काढलं. मॅडम बाजूला बसल्या.

"जमीन द्यायची ठरली तेव्हा तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाय. पुरुषांनी सह्या केल्या. मी तेव्हा भाकऱ्या थापत होते. मला कुणी विचारलं नाय, तेव्हा नाय आणि नंतर नाय."

एवढी वर्षं कुणी विचारलं नाही. विचारायला आली ती माझीच नात, आणि तिला मी रस्त्यात अडवलं. ती खाली मान घालून लिहीत होती. कुंपणापलीकडे जाव उभी राहून ऐकत होती.

माझ्या कानात मात्र ते 'तुम्हाला' अडकलं होतं. जन्मापासून ती मला अगं-तुगं करते. या वेळी मी विचारलं.

"हे 'तुम्ही' कागदातलं की रागातलं?"

"दोन्ही," ती म्हणाली. "पुढचा प्रश्न."