प्रकाशदादा आणि ती निळी केबल

प्रकाशदादा गेला, आणि त्याच्या अंत्ययात्रेतसुद्धा मी गप्प बसले.

सकाळपासून सगळे लिहितायत. लेजंड काय, डाऊन टू अर्थ काय. यातल्या निम्म्यांनी त्याच्याकडून फुकटात विंडोज टाकून घेतलं आणि नंतर रस्त्यात ओळख दिली नाही.

मी तरी कुठे वेगळी आहे म्हणा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विश्रांतवाडीत त्याचं कॉम्प्युटर असेंबल करायचं दुकान होतं. डिप्लोमा झाल्यावर मी तिथे मशिन जोडायचे.
तेव्हा अख्ख्या पुण्याला घरात कॉम्प्युटर हवा होता. कशाला, ते विचारायचं नाही.

हार्ड डिस्क मदरबोर्डला जोडायला तेव्हा रुंद, चपटी, करडी केबल असायची. दिसायला अगदी भिकार. मग बाजारात गोल केबल आली. लाल, निळी, चकचकीत. आत हवा खेळती राहते म्हणे.

दादाने एक गोल केबल ब्लेडने कापून दाखवली होती. आत तीच चपटी केबल, उभी चिरून नळीत कोंबलेली.
चपटीत दोन कामाच्या तारांमध्ये एक तार नुसती आडोशाला असते, म्हणून सिग्नल एकमेकांत मिसळत नाहीत, यांनी ती रांगच मोडली, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाइकाच्या मशिनमध्ये ही घालायची नाही, असा नियम.

तो चपट्या केबलला नखाने निऱ्या घालून डिस्कमागे अशी बसवायचा की हवा अडायचा प्रश्नच नव्हता.

आणखी एक पद्धत होती त्याची. ज्याने मशिन जोडलं, त्याने कॅबिनेटच्या पत्र्यावर आतून मार्करने सही करायची.

आमच्या वस्तीतले वामनकाका पोस्टातून रिटायर झालेले. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांच्या आठवणी ऐकायचे. त्या टाइप करायला त्यांना मशिन हवं होतं.
त्यांच्या मुलीने एका बाजूला काच आणि आत लाइट असलेलं कॅबिनेट पसंत केलं.

दादा बाहेर गेला होता. त्या झगमगाटात मला ती करडी केबल बघवेना. मी निळी गोल घातली, सही ठोकली आणि मशिन पाठवून दिलं.
दादाला सांगितलं नाही.

काही महिन्यांनी काका मशिन घेऊन आले. फाइल उघडली की नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. फॉन्ट बदलला तरी तेच.

दादाने कॅबिनेट उघडलं. केबल बघितली. मग पत्र्याच्या आतली माझी सही बघितली.
पत्रा भिंतीला टेकवून ठेवला. सही भिंतीकडे.

"काका, चूक माझी आहे. ही केबल मी बसवली."

काका ओरडले नाहीत.
"अरे प्रकाश, यातली किती माणसं आता राहिली नाहीत. परत कुणाला विचारू?"

मी तिथेच उभी होते. हातात स्क्रू ड्रायव्हर.

वस्तीत बभ्रा झाला. विहारात लोक त्याच्याशी नीट बोलायचे, मशिन मात्र दुसरीकडून घ्यायचे.
दर रविवारी तो काकांबरोबर हयात असलेल्यांच्या घरी जायचा, पुन्हा लिहून घ्यायला. मी एकदाही गेले नाही. मला हिंजवडीत जॉब लागला होता ना. कंपनीची बस, गळ्यात कार्ड.

एकदाच विचारलं, का केलंस असं.
म्हणाला, "तुझा इंटरव्ह्यू होता त्या आठवड्यात. माझं काय, मला दुकानातच बसायचं होतं."

दुकान पुढच्या वर्षी बंद झालं. मग तो वाघोलीच्या एका कॉलेजात लॅब सांभाळत राहिला, शेवटपर्यंत.

आज काकांची मुलगी भेटली, सुजाताताई. काका जाऊनही बरीच वर्षं झाली. म्हणाल्या, "माणूस चांगला होता गं. पण आमच्या बाबांचं काम त्याच्या हातून गेलं."

मी मान हलवली.
लाज वाटते लिहायला, पण मी होकारार्थी मान हलवली.

सुजाताताई, तुम्ही माझ्या फ्रेंड लिस्टमध्ये आहात. म्हणून इथेच, सगळ्यांसमोर लिहिते.
ती केबल दादाने बसवली नव्हती. मी बसवली होती, त्याने नको सांगितलेलं असताना.
ते कॅबिनेट माळ्यावर कुठे पडलं असेल, तर मागचा पत्रा काढून बघा. दादाने पुसली नसेल, तर आत माझी सही आहे.

दादा, जय भीम.
फार उशीर केला मी.