एका मापाची अक्षरं

ऐंशी सालानंतर काही वर्षं मी अहेरीच्या तंबूतल्या टॉकीजचा मॅनेजर होतो. तिथं बोर्ड रंगवायला एक पेंटर यायचा. पोस्टरवरचं प्रत्येक अक्षर तो दोऱ्यानं मोजायचा, एक डोळा मिटून पाहायचा आणि तसंच्या तसं पत्र्यावर उतरवायचा.

एका सिनेमाच्या नावात मधलंच अक्षर राक्षसाएवढं होतं, बाकीची बारीक.

"मालकाले तं सारी सारखी लागतेत. कसं करू, भाऊ?"

"पोस्टरवर आहे तसंच काढ," मी म्हणालो.

तो खूश झाला. "ज्यानं काढलं त्यानं इचार करूनच काढलं असंन."

चंद्रपूरहून मालक आला आणि बोर्ड पाहून भडकला. "हे अक्षरं काऊन नाचून राह्यले बे? कोणी सांगितलं तुले?"

पेंटरनं माझ्याकडे पाहिलं. मी तिकिटांची पुस्तकं चाळू लागलो.

"कोणीच नाई, मालक. माह्या मनानं केलं."

मालकानं त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तरी त्यानं रॉकेलच्या फडक्यानं सगळा बोर्ड पुसला आणि नाव एका मापात पुन्हा लिहून दिलं.

"आता कसं दिसते?" मालकानं मला विचारलं.

"आता बरं दिसतं," मी म्हणालो. पेंटर तिथंच बसून ब्रश धूत होता.